निरीक्षकांचा सहाशे पानी ग्रंथ

सकाळी दहा वाजता निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे खोलीचं दार लावून घेतलं, खुर्चीवरची उशी सारखी केली, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला नाही. आतून टुक टुक टुक असा आवाज आला आणि पडदा काळा तो काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा टुक टुक टुक. दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. त्याने वायरी हलवल्या असत्या, डब्याला दोन थपडा दिल्या असत्या, निदान घरातल्या माणसांवर ओरडला तरी असता. निरीक्षक खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला. सुटलो, असं ते मनातल्या मनात म्हणाले.

ते कशातून सुटले हे आधी सांगायला हवं. निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानादुकानातून फिरून तराजू, काटे, वजनं तपासायची आणि सगळं बरोबर निघालं की तारेला शिशाचा मणी अडकवून, पकडीने दाबून सील ठोकायचं, यात त्यांचा जन्म गेला. निरोपसमारंभात सगळे गोड बोलत होते. त्या गोडव्यात भान हरपून ते म्हणून गेले, की आता मी तराजूचा इतिहास लिहिणार आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाने खाली बसावं, पण तेवढा शहाणपणा टाळ्या पडताना कुणाला असतो? "सहाशे पानांचा!" ते म्हणाले. मग तर सगळे उभेच राहिले.

झालं. दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर आला आणि घराचं काय, अख्ख्या इमारतीचं वेळापत्रक बदललं. दहा ते एक ही लेखनाची वेळ ठरली. त्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आपला सकाळचा वर्ग मोडून दुपारी उन्हाच्या रखरखाटात घेतला. वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना, त्यांनी दात कोरायचं यंत्र एक वाजेपर्यंत बंद ठेवलं. दहाच्या आधी अर्धवट कोरलेल्या दातांचे पेशंट गाल धरून बाकावर बसत आणि डॉक्टर त्यांना हळू आवाजात सांगत, "खाली ग्रंथ चाललाय." समोरच्या दारातले निवृत्त बँक मॅनेजर तर जिन्यावरून जाताना चपला हातात घेत.

आणि ग्रंथ? ग्रंथाचं पहिलं वाक्य निरीक्षकांनी पहिल्याच दिवशी लिहिलं. 'तराजू ही मानवाने शोधलेली पहिली प्रामाणिक वस्तू होय.' वाक्य त्यांना फार आवडलं. इतकं आवडलं, की त्याच्या शेजारी बसवायला त्या तोलामोलाचं दुसरं वाक्य सापडेना. मग त्यांनी पहिलंच घासायला घेतलं. 'मानवाने'च्या जागी 'मनुष्याने' केलं. पुढच्या महिन्यात 'माणसाने' केलं. पावसाळाभर 'होय' ठेवावं की 'आहे' करावं यावर विचार झाला. अशा खोल विचारात असताना एके दिवशी त्यांना कॉम्प्युटरमध्ये एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव सापडला, आणि मराठी वाङ्मयाचं जे काय नुकसान व्हायचं होतं ते तिथे झालं. त्यानंतर कित्येक वर्षं दहा ते एक निरीक्षक लाल राजावर काळी राणी लावत बसले होते, आणि अख्खी इमारत श्वास रोखून होती.

एका गोष्टीत मात्र त्यांनी कसूर केली नव्हती. ग्रंथ चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला मागच्या बाजूने तार ओवून, खात्याच्या पद्धतीने शिशाचं सील ठोकलं होतं. तारेची गाठ त्यांची स्वतःची, डावीकडून दोन वळसे घेणारी. अशी गाठ खात्यात दुसरं कुणी मारत नसे, याचा त्यांना अभिमान होता.

एकंदरीत बरं चाललं होतं. पण आदल्या संध्याकाळी त्यांचे जुने वरिष्ठ घरी आले. ते खात्यातल्या निवृत्तांच्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांना सगळे अजूनही साहेब म्हणत. साहेब सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "मंडळाने ठराव केलाय. तुझा ग्रंथ आपण छापतोय. छापखान्याशी बोलणं झालंय, पाहुणे ठरलेत. उद्या संध्याकाळी येतो, प्रत तयार ठेव." निरीक्षकांनी हसून मान हलवली. मानेखालचं बाकी सगळं त्यांना गार पडल्यासारखं वाटलं. रात्रभर त्यांनी कूस बदलली. आणि सकाळी ते टुक टुक टुक झालं, तेव्हा देव पावला, असंच त्यांना वाटलं.

चेहरा शक्य तितका लांब करून ते स्वयंपाकघरात गेले.

"अगं, गेलं," ते म्हणाले.

"कोण गेलं?" बायकोने विचारलं.

"ग्रंथ. कॉम्प्युटर बंद पडला. सगळी मेहनत पाण्यात."

"अरेरे," बायको म्हणाली. "चहा ठेवू?"

निरीक्षकांना वाईट वाटलं. सहाशे पानं गेलेल्या माणसाला कपभर चहा? मग त्यांना आठवलं की सहाशे पानं गेलेली नाहीत, आणि ते मुकाट्याने चहा प्यायले.

बायकोने ही बातमी जेवढ्या शांतपणे घेतली तेवढ्याच अशांतपणे ती इमारतीत पसरली. निरीक्षकांचा अंदाज असा होता, की लोक येतील, हळहळतील, 'काय ही नशिबाची थट्टा' म्हणतील आणि जातील. आपण उरलेलं आयुष्य ग्रंथ हरवलेला थोर माणूस म्हणून काढू. लिहिलेल्या पुस्तकात चुका निघतात, हरवलेल्या पुस्तकाला कुणी नावं ठेवत नाही. अंदाज चांगला होता, पण त्यात इमारतीचा विचार नव्हता. या ग्रंथापायी प्रत्येकाने काही ना काही सोसलं होतं आणि सोसलेलं असं सोडून द्यायला कुणीही तयार नव्हतं.

"असा कसा जाईल?" गाण्याच्या बाई दारातूनच म्हणाल्या. "माझे सकाळचे आठ विद्यार्थी गेले या ग्रंथापायी. एक तर दुसऱ्या बाईंकडे जाऊन रेडिओवर गायला लागली. ते काही नाही. तो परत मिळालाच पाहिजे."

बँक मॅनेजर हातात चपला घेऊनच आत आले. इतक्या वर्षांची सवय. "घाबरायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "आमच्या हेड ऑफिसला असाच एक कॉम्प्युटर बसला होता. फ्रीजमध्ये ठेवायचा. आतले सांधे आकसतात आणि सगळं जागच्या जागी येतं."

"हेड ऑफिसचा चालू झाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याच सुमारास माझी बदली झाली," मॅनेजर म्हणाले.

निरीक्षकांना हा उपाय मनापासून पटला. फ्रीजमध्ये घातलेला कॉम्प्युटर पुन्हा डोकं वर काढणार नाही, अशी त्यांना खात्री होती. त्यांनी स्वतः कप्पे काढले. दूध, भाज्या, मागच्या आठवड्याची आमटी, सगळं जेवणाच्या टेबलावर आलं आणि कॉम्प्युटर आत गेला. दार लागेना म्हणून फ्रीजला दोरी बांधली. मग सगळे फ्रीजसमोर खुर्च्या टाकून बसले. मधूनमधून डॉक्टर दाराला कान लावत. बऱ्याच वेळाने कॉम्प्युटर बाहेर काढला, पुसला, वायर लावली आणि बटण दाबलं. टुक टुक टुक. आधीपेक्षा खणखणीत.

"याला वेदना होतायत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वरून दात बघायचा छोटा आरसा आणि बॅटरी आणली आणि डब्याच्या मागच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं. "आ करता येत नाही, हीच अडचण आहे," असं म्हणून त्यांनी आरसा खिशात ठेवला.

गाण्याच्या बाईंनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा ऐकवायला लावला. "सूर पक्का आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे हो अजून. सुरात रडणारं माणूस मेलेलं नसतं."

एवढ्यात साहेबही आले. प्रत घ्यायला यायचं ते संध्याकाळी, पण बातमी कळल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खात्यात ज्या आवाजात धाडी घालायचे हुकूम देत त्या आवाजात म्हणाले, "उचला."

निरीक्षक म्हणाले, कशाला एवढा त्रास. निरीक्षक म्हणाले, गेलेल्या गोष्टीचा शोक करू नये. निरीक्षक म्हणाले, माझी कंबर धरलीय. कुणी ऐकलं नाही. पुढे मॅनेजर, मागे डॉक्टर, मध्ये कॉम्प्युटर, बाजूने साहेब आणि गाण्याच्या बाई, आणि शेवटी कंबर धरून निरीक्षक, अशी ती मिरवणूक बाजारातल्या गल्लीत गेली. निघताना बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पडला होता. आता हिला दुःख झालं, निरीक्षकांच्या मनात आलं. उशिरा का होईना, झालं.

गल्लीत शिंपी आणि घड्याळवाला यांच्यामध्ये एक चिंचोळं दुकान होतं. ते एक बाई चालवत. कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम, तोंड फटकळ, आणि केसांत खोचलेला स्क्रूड्रायव्हर. दुकानात चौघांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून मंडळी पायरीवर आणि रस्त्यात पसरली.

"काय झालंय?" दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं.

मग सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आजार विचारला मी, घराणं नाही विचारलं."

निरीक्षकांनी शेवटचा प्रयत्न केला. "हे बघा, याला सील आहे. सील तोडणं हा गुन्हा आहे. मी स्वतः त्या खात्यात होतो."

"मग तुम्हीच सांगा खात्याला," म्हणून बाई डबा घेऊन मागच्या पडद्याआड गेल्या. थोड्याच वेळात बाहेर आल्या. त्यांच्या हातात तुटलेलं सील होतं.

"आतली रॅमची पट्टी नाहीये," त्या म्हणाल्या. "बोटाएवढी हिरवी पट्टी असते. ती नसली की हा असाच ओरडतो. बाकी ठणठणीत आहे. फक्त एवढा ओला कसा?"

मॅनेजर गल्लीतल्या कुत्र्याकडे बघू लागले.

"आणि आणखी एक. हे सील मी तोडायच्या आधीच कुणीतरी उघडून परत बसवलंय. शिशावर दोनदा दाबल्याच्या खुणा आहेत."

निरीक्षकांनी सील हातात घेतलं आणि चष्मा वर केला. इतका वेळ लोंबकळणाऱ्या त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जिवंतपणा आला. शिसं घरातल्या साध्या पकडीने दाबलेलं होतं. गाठ मात्र डावीकडून दोन वळसे घेतलेली होती. ही गाठ जगात दोनच माणसांना येत असणार. एक ते स्वतः. आणि दुसरं माणूस म्हणजे जे रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसायचं, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या तारा कापून द्यायचं आणि कापताकापता दिवसभराच्या गोष्टी सांगायचं ते. निरीक्षकांनी सील घाईघाईने खिशात टाकलं.

"काय म्हणतंय सील?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," निरीक्षक म्हणाले. "सीलच आहे."

तोवर बाईंनी डब्यातली डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली होती. "घ्या, तुमच्या सगळ्या फाइली आल्या," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. या टाळ्यांपासूनच सगळं सुरू झालं होतं, हे निरीक्षकांना आठवलं आणि त्यांनी शिंप्याच्या दुकानाच्या खांबाला धरलं.

पडद्यावर 'ग्रंथ' नावाचा फोल्डर उघडला. आत फाइलींची रांगच्या रांग लागली होती. 'ग्रंथ', 'ग्रंथ सुधारित', 'ग्रंथ पुन्हा सुधारित', 'ग्रंथ अंतिम', 'ग्रंथ अंतिम नवा', 'ग्रंथ खरोखर अंतिम'. "अहाहा, काय व्यासंग!" साहेब म्हणाले. पहिली फाइल उघडली. तराजू ही मानवाने शोधलेली पहिली प्रामाणिक वस्तू होय. खाली कोरं पान. दुसरी उघडली. तराजू ही मनुष्याने शोधलेली. खाली कोरं पान. तिसऱ्या फाइलीत माणसाने शोधलेली होती. चौथीत पुन्हा मानव परत आला होता.

"बाकीचं कुठंय?" मॅनेजरनी विचारलं.

"होतं तेवढं आलंय," बाई म्हणाल्या.

"अहो, सहाशे पानं होती!"

"होतं तेवढं आलंय."

मॅनेजरनी आपल्या सगळ्या नोकरीचा अनुभव कपाळावर गोळा केला. "सरळ हिशेब आहे," ते म्हणाले. "आतली एक पट्टी गायब आहे आणि ग्रंथ गायब आहे. म्हणजे ग्रंथ त्या पट्टीत होता. आणि डबा उघडला कुणी? पडद्याआड कोण गेलं होतं?"

सगळे दुरुस्तीवाल्या बाईंकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, त्या पट्टीत काही राहत नाही, वीज गेली की ती कोरी होते. हे ऐकून तर सगळ्यांची खात्रीच पटली. "म्हणजे तुम्हाला नेमकं माहीत होतं!" गाण्याच्या बाई म्हणाल्या. शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग न काढताच मान वळवली. कुणीतरी म्हणालं, या बाई तशा फटकळच आहेत, आणि ते जणू पुराव्यात जमा झालं.

निरीक्षकांसमोर आता दोनच गोष्टी होत्या. गप्प बसलं तर अब्रू वाचत होती, आणि नुसती वाचत नव्हती, वाढतही होती. पण समोर ती बाई गोरीमोरी होऊन उभी होती. आयुष्यभर दुकानदारांना ते सांगत आले होते, की माप कमी असेल तर कमी आहे म्हणा, काट्याला दोष देऊ नका. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरात ते बोलून गेले.

"तिने काही नेलं नाही. ग्रंथ नव्हताच. मी इतक्या वर्षांत तेवढं एकच वाक्य लिहिलं. उरलेला वेळ मी पत्ते खेळत होतो."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

"पाहिलंत?" साहेबांचा आवाज कापत होता. "पाहिलंत माणूस? जन्माची कमाई लुटली गेली, आणि एका परक्या बाईवर आळ येऊ नये म्हणून हा देवमाणूस सगळं स्वतःवर घेतोय! पत्ते खेळत होतो म्हणतोय! हा!"

"अहो, मी खरंच पत्ते..."

"पुरे," गाण्याच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणखी लहान करू नका आम्हाला."

"खरं बोलतायत ते!" दुरुस्तीवाल्या बाई ओरडल्या. "किती डाव खेळलेत तेसुद्धा दिसतंय इथं. हे बघा!"

"शरम वाटत नाही?" डॉक्टर म्हणाले. "ग्रंथ घेतलात, आता बदनामीही करताय?"

यानंतर जे व्हायचं तेच झालं. मंडळी चौकीवर गेली. तिथले हवालदार चहा पीत होते. त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि तक्रार लिहून घेतली. चोरीला गेलेली वस्तू कोणती? ग्रंथ. रंग? यावर थोडा वाद झाला आणि 'अद्याप छापलेला नसल्याने रंग नाही' असं लिहिलं गेलं. पानं? सहाशे. ओळखीची काही खूण? पहिलं वाक्य साहेबांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. मग हवालदार गल्लीत गेले आणि ग्रंथाचा शोध लागेपर्यंत दुकान बंद, म्हणून दुकानाला सील ठोकून आले. शिसं वेडंवाकडं दाबलं होतं. निरीक्षकांना ते बघवलं नाही.

सगळे पांगल्यावर निरीक्षक एकटेच चौकीत परत गेले. समोर बसून त्यांनी हवालदारांना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, पत्त्यांसकट. हवालदारांनी ती शांतपणे ऐकली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "सहाशे पानं लिहिलेला माणूस असा टवटवीत दिसत नाही."

निरीक्षकांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. अखेर कुणाला तरी पटलं होतं. "मग तक्रार फाडून टाका," ते म्हणाले.

"फाडता येत नाही. नोंद झालीय."

"पण ग्रंथ नव्हताच!"

"नव्हता हे मला कळलं, तुम्हाला कळलं. नोंदीला कसं कळणार?" हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले. "नोंदीत वस्तू गेलीय. तर आता वस्तू परत आली पाहिजे. तुम्ही असं करा, वस्तू सापडली म्हणून अर्ज द्या. सोबत वस्तू आणा. मी पानं मोजून घेतो, पहिलं वाक्य जुळवून बघतो, आणि दुकान मोकळं करतो."

"सहाशे?"

"सहाशे लिहिलंय ना. पाचशे नव्वद आणलीत तर उरलेली दहा कुणी खाल्ली ते मला शोधत बसावं लागेल."

निरीक्षक बाहेर पडले आणि पाय नेतील तिकडे निघाले. पाय त्यांना गल्लीत घेऊन गेले. दुरुस्तीवाल्या बाई आपल्याच बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी निरीक्षकांचा कॉम्प्युटर होता. डिस्क त्यांनी सील लागायच्या आधीच परत बसवली होती.

"घेऊन जा हा," त्या म्हणाल्या. "काय म्हणाले हवालदार?"

निरीक्षकांनी सांगितलं. बाईंना हसावं की रडावं ते कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, लवकर लिहा. आत लोकांचे कॉम्प्युटर अडकलेत, रोज शिव्या मला खाव्या लागतील."

"लिहितो," निरीक्षक म्हणाले. असा शब्द त्यांनी अनेकांना दिला होता. आज तो देताना मात्र त्यांनी मनातल्या मनात पानं मोजली.

घरी आले तेव्हा बायको दूध, भाज्या परत फ्रीजमध्ये लावत होती. निरीक्षकांनी खिशातलं सील काढून टेबलावर ठेवलं. तिने ते पाहिलं, हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

"पकड चांगली नव्हती," ती म्हणाली. "नाहीतर तुम्हालाही कळलं नसतं."

"का केलंस असं?"

"साहेब प्रत मागत होते तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला होता. रात्रभर तळमळत होतात. म्हटलं, यंत्र बंद पडलं तर कुणी काही म्हणणार नाही. सगळे चार दिवस हळहळतील आणि विसरतील. पहाटे तुमचा डोळा लागल्यावर काढली पट्टी. हा डबा आणला तेव्हा तो माणूस आतलं सगळं दाखवत होता. तुम्ही तार शोधत होतात, मी बघत होते." ती थांबली. "तुम्ही तो गल्लीत न्याल असं मला काय माहीत?"

"मी कुठे नेला? त्यांनी नेला!" निरीक्षक म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुला ग्रंथाचं कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. लिहिणारं माणूस कधी चिडतं, कधी जेवण विसरतं. तुम्ही एकच्या ठोक्याला बाहेर यायचात, आणि एखाद्या दिवशी डाव जुळला की शीळसुद्धा घालायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने तुम्ही रोज दुपारी बाजारात जाऊन लोकांच्या तराजूंकडे नुसते बघत उभे राहायचात. दुकानदार चहा पाजून घरी पाठवायचे. त्यापेक्षा पत्ते बरे."

इतकी वर्षं आपण दार लावून बसलो आणि दाराबाहेर ही आपली राखण करत होती, मिक्सरसुद्धा न लावता. त्यांना फार भरून आलं. तिचा हात धरावा असं वाटलं, आणि त्यांनी तो धरलाही, पण तिच्या हाताला कोथिंबिरीची माती होती आणि तिने तो सोडवून घेऊन आधी पुसला.

मग तिने शिवणाचा डबा आणला, बटणांच्या खालून हिरवी पट्टी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. दोघांनी मिळून ती डब्यात बसवली.

"सील ठोकायचं का?" तिने विचारलं.

"नको. आत आहे काय चोरण्यासारखं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता निरीक्षकांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर मुकाट्याने चालू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात पत्त्यांचं चित्र होतं. बोट आपोआप तिकडे गेलं, आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर पायरीवर बसलेली दुरुस्तीवाली आली. त्यांनी बोट मागे घेतलं आणि 'ग्रंथ खरोखर अंतिम' उघडलं. बराच वेळ ते त्या एका वाक्याकडे बघत बसले. मग त्याच्या खाली, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: 'मात्र स्वतःचं वजन करायची वेळ आली, की माणूस हळूच काट्यावर बोट ठेवतो.'

बायको मागे येऊन उभी होती. तिने वाचलं.

"हे बरंय," ती म्हणाली. "खोडू नका."

"नाही खोडत."

"मिक्सर लावू?"

निरीक्षकांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

"लाव," ते म्हणाले. "आणि खाली बाईंना सांग, गाऊ दे म्हणावं. डॉक्टरांनाही कळव."

मिक्सर सुरू झाला. थोड्या वेळाने खालून कुणीतरी बेसूर आवाजात सा लावला आणि वर कुणाचा तरी दात कोरला जाऊ लागला. त्या गदारोळात निरीक्षकांनी तिसरं वाक्य लिहायला घेतलं.